टीएसडी रॅली क्लबसाठी मोबाइल ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. ठरलेल्या रस्त्यानं, दिलेल्या सरासरी वेगानं, सेकंद धरून पोहोचायची ही स्पर्धा. रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो आणि सगळ्यात जोरात येणारी गाडी हमखास हरते. अशा रॅली भरवणाऱ्या किंवा त्यात उतरणाऱ्या क्लबांना स्वतःचं ॲप करायचं असतं तेव्हा जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. ट्रॅकवरच्या लॅप टायमिंगबद्दलही एक प्रश्न घेतला आहे.

हे ॲप नेमकं कुणी वापरायचं असतं?

नेव्हिगेटरनं (चालकाशेजारी बसून रस्ता आणि वेळ सांभाळणाऱ्यानं), टाइम कंट्रोलवरच्या, म्हणजे गाडीची वेळ नोंदवायच्या ठिकाणावरच्या, मार्शलनं आणि निकाल लावणाऱ्या माणसानं. चालकानं नाही. चालकाला फार तर एक मोठा आकडा दिसावा, 'किती सेकंद पुढे किंवा मागे' एवढाच. बाकी पडदा नेव्हिगेटरचा.

तिघांसाठी एकच ॲप करून आत भूमिका वेगळ्या ठेवता येतात, पण एक पथ्य पाळाच. गुप्त टाइम कंट्रोल कुठे आहेत ही माहिती स्पर्धकाच्या फोनवर कोणत्याही रूपात जाता कामा नये. 'पडद्यावर दाखवत नाही' एवढं पुरेसं नाही, कारण फोनमधली फाइल उघडून बघणारे लोक प्रत्येक क्लबात असतात. मार्शलची माहिती सर्व्हरवरून मार्शलच्याच लॉगिनला द्या.

पहिल्या आवृत्तीत काय घ्यावं आणि काय सोडावं?

ट्रिपमीटर (कापलेलं अंतर मोजणारा भाग) आणि आदर्श वेळेचं, म्हणजे दिलेल्या वेगानं कुठे कधी पोहोचायला हवं याचं गणित, मार्शलची वेळनोंद आणि निकालाचा तक्ता एवढंच घ्या. गप्पांचा विभाग, फोटो, जुन्या सुट्या भागांची खरेदी-विक्री हे सगळं सोडा. त्यासाठी क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच आणि तो मोडून लोक तुमच्या ॲपमध्ये गप्पा मारायला येणार नाहीत. क्लबची ॲप्स अर्धवट पडतात त्याचं नेहमीचं कारण हेच. जे आधीपासून नीट चाललंय ते पुन्हा बांधण्यात हौशी प्रोग्रामरचे सगळे रविवार जातात आणि वेळनोंद कच्ची राहते.

ताम्हिणी किंवा वरंधा घाटात कोण सगळ्यात कमी वेळात चढला, असा तक्ता ठेवला तर?

ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी घाटात समोरून एसटी येते, ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, शाळेत जाणारी पोरं असतात. ॲपमध्ये असा तक्ता दिसला की कुणीतरी तो मोडायला जातंच.

उलट सोय मात्र जरूर करा. बऱ्याच रॅलींत कमाल वेग ओलांडला तर पेनल्टी असते, ती तपासायला वेगाची नोंद उपयोगी पडते. तिथे एका क्षणाचा आकडा धरू नका. झाडीतून बाहेर पडताना जीपीएस कधीकधी एकाच सेकंदापुरता भलताच वेग दाखवतो. सलग पाच सेकंदांची सरासरी मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच नोंदीला खूण करून ती पुढे पाठवा, आणि पेनल्टी द्यायची की नाही हे माणसानं ठरवावं.

नुसती वेबसाइट चालणार नाही का? की फ्लटर (एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनचं ॲप), की नेटिव्ह (प्रत्येकासाठी वेगळं)?

निकाल, वेळापत्रक आणि नावनोंदणीसाठी वेबसाइट उत्तम. ट्रिपमीटरसाठी नाही, कारण ब्राउझर मागे गेला किंवा पडदा बंद झाला की त्याला लोकेशन मिळणं थांबतं.

पडदे, याद्या, फॉर्म यांसाठी फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह निवडलं तर अँड्रॉइड आणि आयफोनचं काम एकदाच होतं. लोकेशन आणि घड्याळ हा भाग मात्र कॉटलिन (अँड्रॉइडची भाषा) आणि स्विफ्टमध्ये (आयफोनची भाषा) वेगळा लिहावा असं आमचं ठाम मत आहे. तयार प्लगइन आपल्या सोयीनं नोंदी गाळतात, वेळ गोल करतात आणि ते कुठे लिहिलेलंही नसतं. दोन्ही मिळून हा भाग हजारभर ओळींच्या आत बसतो आणि इतका वेळ देण्याच्या लायकीचा आहे.

आदर्श वेळेचं गणित कसं मांडायचं?

अंतर मीटरमध्ये, वेळ मिलिसेकंदांत आणि दोन्ही पूर्णांकात ठेवा. सूत्र असं: मीटर × ३६०० ÷ ताशी किलोमीटर = मिलिसेकंद.

एक टप्पा घेऊ. शून्य ते ६.४० किमी ताशी ३२ नं, तिथून ११.८५ पर्यंत ३६ नं आणि पुढे १५.६० पर्यंत ४५ नं. पहिल्या तुकड्याला बरोबर १२ मिनिटं लागतात. दुसरा ५.४५ किमीचा; ताशी ३६ ला किलोमीटरला १०० सेकंद, म्हणजे ५४५ सेकंद, ९ मिनिटं ५ सेकंद. तिसरा ३.७५ किमीचा, किलोमीटरला ८० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. एकूण २६ मिनिटं ५ सेकंद. गुप्त कंट्रोल ९.४० किमीला लागला तर तिथली वेळ १२ मिनिटं अधिक ३०० सेकंद, म्हणजे १७ मिनिटं.

इथले आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. प्रत्यक्षात ३८ किंवा ४३ असे वेग येतात आणि अपूर्णांक उरतात. प्रत्येक तुकड्याची वेळ सेकंदात गोल करून पुढे बेरीज केली तर आठ तुकड्यांत चार सेकंदांपर्यंत फरक साचू शकतो. म्हणून गोल करायचं ते फक्त पडद्यावर दाखवताना, आणि पेनल्टी काढताना नियमावलीत सांगितलं असेल तसं.

सरासरी वेगाऐवजी थेट वेळ दिलेले तुकडेही रोडबुकात, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या रस्त्याच्या वहीत, असतात: रेल्वे फाटक, बाजारपेठ, 'इथे पाच मिनिटं थांबा'. त्यांच्यासाठी वेगळा प्रकार ठेवा. वेगाच्या रकान्यात शून्य घालून जुगाड केला की शून्यानं भागाकार होतो आणि ॲप ऐन रॅलीत बंद पडतं.

अंतर जीपीएसवरून घेतलं तर चालेल का?

चालेल, पण कसं घेता यावर सगळं अवलंबून आहे. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर, म्हणून दर १० मीटरच्या चुकीला एक सेकंद जातो. अंतरात एक टक्का चूक असेल तर २० किमीनंतर २०० मीटर, म्हणजे २० सेकंद. तेवढ्यात रॅली हातातून गेलेली असते.

बहुतेक फोन सेकंदाला एकदा स्थान देतात आणि मोकळ्या आभाळाखाली ते साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं. नवशिका प्रोग्रामर दोन स्थानांमधलं सरळ अंतर काढून बेरीज करत जातो. त्यात चुका उलटसुलट दिशांनी शिरतात. गाडी सिग्नलला उभी असताना स्थान इकडेतिकडे हलत राहतं आणि अंतर आपोआप वाढतं. घाटातल्या वळणात उलटं होतं. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० नं जाताना फोनला सव्वाआठ मीटरवर एकेक बिंदू मिळतो, ॲप ते बिंदू सरळ रेषेनं जोडतं आणि अर्ध्या वर्तुळात जवळपास मीटरभर अंतर गळतं. अशी वीस वळणं म्हणजे दोन सेकंद.

याहून चांगली पद्धत अशी: स्थानातला फरक न घेता फोन देतो तो वेग घ्या आणि त्याला वेळेनं गुणत जा. हा वेग उपग्रहाच्या लहरींतल्या डॉप्लर फरकावरून काढलेला असतो आणि स्थानापेक्षा बराच स्थिर असतो. दोन नोंदींच्या वेगाची सरासरी गुणिले मधली वेळ. वेग ताशी २ किमीपेक्षा कमी असेल तर अंतर वाढवू नका. नोंदीसोबत फोन स्वतःच्या अचूकतेचा अंदाज देतो. तो २० मीटरच्या पुढे गेला तर आधीचा वेग दोन-तीन सेकंद चालू ठेवा आणि आकड्याचा रंग बदला, म्हणजे नेव्हिगेटरला कळेल की हा आकडा अंदाजाचा आहे.

चढणीचा हिशोब सहसा कुणी करत नाही. जीपीएसचं आडवं अंतर आणि चाकानं मोजलेलं अंतर घाटात सारखं नसतं. पाच टक्के चढणीवर दहा किलोमीटरला साडेबारा मीटरचा फरक पडतो, म्हणजे ताशी ३६ ला सव्वा सेकंद. खोपोली ते लोणावळा चढताना तो जाणवेल, सोलापूर रस्त्यावर नाही. त्यासाठी फोनची उंची वापरू नका, तिची चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. पुढच्या प्रश्नातली दुरुस्ती या फरकालाही पुरते.

कॅलिब्रेशन (मापन जुळवून घेणं) जीपीएसलाही लागतं?

लागतं. खरं अंतर किती हा प्रश्नच नाही. आयोजकांच्या गाडीनं किती मोजलं तेच टीएसडीत प्रमाण. त्यांच्या ट्रिपमीटरची चूक रोडबुकात उतरलेली असते आणि तुमच्या ॲपला तीच चूक करायला शिकवायचं असतं.

आयोजक सुरुवातीला ओडो-चेकचा पट्टा देतात, म्हणजे अंतर ताडून बघायला मोजलेला रस्ता. समजा रोडबुकात तो १०.०० किमी आहे आणि तुमच्या ॲपनं १०.१८ मोजलं. गुणक १०.०० ÷ १०.१८, म्हणजे ०.९८२३. तो चार दशांश स्थळांपर्यंत ठेवा. दोन स्थळांवर सोडलात तर ०.९८ होतो आणि वीस किलोमीटरमध्ये ताशी ३६ ला जवळपास पाच सेकंदांचा घोटाळा तिथेच होतो.

चाकावरून मोजणाऱ्यांनी टायर गरम झाल्यावर आणि रॅलीत ठेवणार तेवढ्याच हवेवर ही तपासणी करावी. वाटेत हवा भरली तर गुणक बदलतो.

याशिवाय हाताची बटणं हवीतच: अधिक १० मीटर, उणे १० मीटर आणि 'इथे रोडबुकाचं अंतर धर'. शेवटचं बटण सगळ्यात जास्त वापरलं जातं. ट्यूलिपची (रोडबुकातल्या वळणाच्या छोट्या चित्राची) खूण आली, दाबलं, ॲपचा आकडा रोडबुकाच्या आकड्यावर बसला. आणखी एक बटण बरेच जण विसरतात: उलट मोजणी. चुकीच्या फाट्यावर ४०० मीटर आत गेलं की परत येताना अंतर वजा व्हायला हवं.

गाडीच्या ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या जागेतून) वेग घेतला तर जास्त अचूक नाही का?

नाही. ओबीडीवरचा वेग एका बाइटमध्ये येतो, ० ते २५५, पूर्ण किलोमीटरमध्ये. गाडीचा संगणक अपूर्णांक छाटत असेल तर सरासरी ताशी अर्धा किलोमीटर गायब होतो, ताशी ४० ला सव्वा टक्का. कॅलिब्रेशननं तो पूर्ण भरून निघत नाही, कारण वेग बदलला की टक्केवारी बदलते. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर उत्तरही उशिरा देतात. बोगद्यात किंवा दाट झाडीत जीपीएस गेला की तात्पुरता आधार म्हणून ओबीडी ठीक आहे. अचूक चाकमापन हवंच असेल तर चाकाजवळ चुंबकीय सेन्सर बसवून त्याचे ठोके मोजायला लागतात.

फोनचं घड्याळ विश्वासार्ह आहे का?

थेट नाही. नेटवर्कनं दिलेली वेळ सेकंदभर इकडेतिकडे असू शकते आणि घाटात नेटवर्क परत आलं की घड्याळ मध्येच उडी मारतं. फोनमधला घड्याळ चालवणारा क्रिस्टलही दहा लाखांत वीस भागांनी चुकला तर दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतो.

करायचं ते असं. सुरुवातीच्या ठिकाणी आयोजकांचं अधिकृत घड्याळ असतं, त्याच्याशी फोन जुळवायला एक पडदा द्या. त्यातला फरक साठवा. त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळासारखी बदलता येणारी वेळ वाचू नका. फोन सुरू झाल्यापासून अखंड चालणारं आणि फोन झोपला तरी न थांबणारं जे अंतर्गत घड्याळ असतं, त्यावर मोजा. फोन बंद-चालू झाला की ते शून्यावर जातं, म्हणून अशा वेळी 'पुन्हा जुळवा' अशी ठळक सूचना दाखवा. निघाल्यावर जुळणी दर तासाला उपग्रहाच्या वेळेशी ताडून बघा, पण आपोआप बदलू नका.

उपग्रहाची कच्ची वेळ वापरणाऱ्यांसाठी: जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या २०१७ पासून १८ सेकंद पुढे आहे. तक्त्यात सगळ्या गाड्यांना १८ सेकंदांची पेनल्टी दिसली तर हाच घोळ समजा.

आयोजकांचं घड्याळ स्वतःच चुकीचं असेल तर? तरीही तेच खरं धरायचं. सगळ्यांना तेच लागू आहे.

पडदा बंद झाला की नोंद थांबते. काय करायचं?

अँड्रॉइडवर लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस चालवा. वर सूचना दिसत राहते आणि नोंद चालू राहते. ॲप उघडं असताना ती सुरू केली तर 'ॲप वापरताना' एवढीच परवानगी पुरते. 'कायम परवानगी' मागू नका, कारण ती मागितली की प्ले स्टोअरला कारण आणि व्हिडिओ द्यावा लागतो आणि मंजुरी लांबते. अँड्रॉइड १४ पासून सर्व्हिसचा प्रकार मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिणं सक्तीचं आहे, नाहीतर ॲप तिथेच कोसळतं. आयफोनवर पार्श्वभूमीतल्या लोकेशनची सोय चालू करा आणि आपोआप थांबण्याचा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर गाडी चहाला थांबल्यावर नोंदही थांबते आणि नंतर सुरू होत नाही.

एवढं करूनही काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ॲप मारतात. पहिल्यांदा उघडताना बॅटरीचं बंधन काढायला लावणारा पडदा द्या, आणि स्क्रुटिनीच्या (रॅलीआधीच्या तपासणीच्या) यादीत हे तपासणं घाला.

घाटात रेंज नसते. मार्शलची नोंद निकालापर्यंत पोहोचणार कशी?

रेंज नाहीच असं धरून सगळं बांधायचं. रेंज मिळाली तर बोनस. ॲपचा सगळ्यात जास्त विचार इथे खर्च व्हायला हवा.

मार्शलच्या पडद्यावर एकच मोठं बटण: 'आली'. गाडीचं पुढचं चाक कंट्रोलच्या फलकाशी आलं की दाबायचं. वेळ त्याच क्षणी पकडली जाते, गाडी क्रमांक नंतर टाकायचा. क्रमांक आधी मागणारी रचना चुकीची, कारण आकडा टाइप करेपर्यंत चार सेकंद जातात आणि ते स्पर्धकाच्या माथी बसतात. दोन गाड्या पाठोपाठ आल्या तर दोनदा दाबायचं. दोन वेळा रांगेत थांबतात, क्रमांक सावकाश भरतात.

प्रत्येक नोंदीला तिथल्या तिथे फोनवरच अनन्य ओळखक्रमांक द्या. रेंज आल्यावर तीच नोंद तीनदा पाठवली गेली तरी सर्व्हर एकदाच धरेल. नोंद पुसायची किंवा बदलायची सोय ठेवूच नका. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद, कारणासकट. निषेध अर्ज (निकालाविरुद्धची तक्रार) आला की हाच इतिहास कामाला येतो.

रेंज दिवसभर आलीच नाही तर स्वीप गाडीकडून (सगळ्यांच्या मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीकडून) नोंदी न्यायच्या. गाडी क्रमांकाला दोन बाइट, वेळेला चार, कंट्रोलला एक आणि खुणेला एक, असे आठ बाइट धरा. साठ गाड्यांचे ४८० बाइट होतात आणि ते एकाच क्यूआर कोडमध्ये मावतात. मार्शलनं पडद्यावर कोड दाखवायचा, स्वीपमधल्या माणसानं स्कॅन करायचा, काम झालं.

आणि कागदी टाइम कार्ड चालूच ठेवा. मार्शलची सही असलेलं कार्ड हाच मूळ पुरावा, ॲप ही त्याची लवकर पोहोचणारी प्रत. फोन पावसात बंद पडतो, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत टिकतं.

पेनल्टीचे नियम कोडमध्ये पक्के लिहावेत का?

नाही, प्रत्येक रॅलीच्या फाइलमध्ये ठेवा. उशिराला सेकंदाला एक आणि लवकर आल्यास दोन गुण, ही पद्धत आढळते, पण सगळीकडे तीच असेल असं नाही. एका कंट्रोलवरची कमाल पेनल्टी, चुकलेल्या कंट्रोलची पेनल्टी, माफीचे सेकंद, बरोबरी झाल्यास काय, हे सगळं त्या रॅलीच्या पुरवणी नियमावलीवर चालतं. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) छत्राखाली रॅली असेल तर त्यांच्या त्या वर्षीच्या नियमांवरही. कोणत्या वर्गात फोनवरचं गणित वापरायला परवानगी आहे हेही तिथेच पाहा.

आदर्श वेळेच्या गणितातल्या उदाहरणात १७ क्रमांकाची गाडी ७:१७ ला सुटली तर १५.६० किमीच्या कंट्रोलवर तिची वेळ ७:४३:०५. ती ७:४३:१९ ला आली तर १४ गुण. ७:४२:५८ ला आली तर सात सेकंद लवकर, दुप्पट दरानं तेही १४. निकालाच्या तक्त्यात नुसती बेरीज न दाखवता आदर्श वेळ, नोंदलेली वेळ आणि फरक असे तिन्ही आकडे दाखवा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

रोडबुक ॲपमध्ये कसं द्यायचं?

ट्यूलिपची चित्रं स्कॅन करून टाकू नका. गोळा म्हणजे तुम्ही कुठून आलात, बाण म्हणजे कुठे जायचं, बाकीचे रस्ते रेघांनी: एवढीच रचना असते, ती रेखाचित्र म्हणून साठवा. फाइल लहान राहते आणि मोठं करून पाहिलं तरी रेघा फाटत नाहीत. प्रत्येक ओळीत एकूण अंतर, मागच्या खुणेपासूनचं अंतर, ट्यूलिप आणि शेरा.

रोडबुक सुटायच्या थोडं आधीच मिळायला हवं, पण सुरुवातीच्या ठिकाणी साठ जणांनी एकदम डाउनलोड केलं तर रेंज दम तोडते. म्हणून फाइल आदल्या रात्री कुलूपबंद करून पाठवा आणि किल्ली सुटताना द्या, आठ अक्षरांचा कोड किंवा क्यूआर. छापील प्रतही द्या.

नकाशा कुठला वापरायचा?

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आणि दाखवायला मॅपलिब्रे. ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून नकाशाच्या फरश्या (टाइल्स, म्हणजे चौकोनी तुकडे) ऑफलाइनसाठी ढिगानं उतरवायला मनाई आहे, ॲप अडवलं जाऊ शकतं. जिओफॅब्रिकवर (हाच डेटा विभागवार देणाऱ्या साइटवर) भारताच्या पश्चिम विभागाची फाइल मिळते, तीतून रॅलीपुरता तुकडा कापून स्वतः फरश्या बनवा. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय नकाशावर दाखवणं बंधनकारक आहे. देशाची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच दाखवावी लागते. नकाशा महाराष्ट्र-गोव्यापुरता कापला की तो प्रश्न उरत नाही.

पडदा कसा असावा? मराठीत ठेवावा का?

ठेवाच, विशेषतः मार्शलसाठी. बरेच मार्शल त्या गावचे स्वयंसेवक असतात. मात्र आकडे देवनागरी की इंग्रजी हे वापरणाऱ्याला निवडू द्या. रोडबुक इंग्रजी आकड्यांत असेल आणि पडद्यावर देवनागरी, तर हलत्या गाडीत ताडून बघताना डोकं अडतं.

मुख्य आकडा हातभर अंतरावरून वाचता यावा. लवकर-उशीर फक्त लाल-हिरव्या रंगानं दाखवू नका, काहींना तो फरक दिसत नाही. सोबत अधिक-उणे चिन्ह द्या. खडबडीत रस्त्यावर पडद्यावर नेम लागत नाही, म्हणून आवाजाचं बटण 'रोडबुकाचं अंतर धर' या कामाला जोडा.

ट्रॅकवर लॅपची वेळ काढायलाही हेच ॲप चालेल?

सरावापुरतं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरजवळचं कारी इथे ट्रॅक डेला जाणारे हे विचारतात. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते आणि फोन त्या सेकंदात एकच बिंदू देतो. रेषा दोन बिंदूंच्या मध्ये कुठे ओलांडली हे प्रमाणात काढावं लागतं, त्यातून दशांशाच्या पुढचे आकडे निरर्थक ठरतात. सेकंदाला १० किंवा २५ नोंदी देणारा बाहेरचा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला तर चित्र खूप सुधारतं. ॲपमध्ये त्याच्यासाठी जागा ठेवा. अधिकृत निकाल मात्र ट्रान्सपाँडरवरच (गाडीत बसवलेल्या संकेत देणाऱ्या यंत्रावरच) लागतो.

स्पर्धकांची कोणती माहिती घ्यावी?

नाव, फोन, लायसन्सचा तपशील, रक्तगट, तातडीचा संपर्क. त्यापलीकडे काही मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी घेताय ते सांगून संमती घेणं अपेक्षित आहे. क्लबात कार्टिंग करणारी मुलं असतील तर जास्त जपा: या कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं येतात, पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांचा माग ठेवण्यावर बंधन आहे. मुलांच्या खात्याला थेट लोकेशन बंदच ठेवा. गाड्यांचा पूर्ण मार्ग निषेधाची मुदत आणि निकाल पक्का होईपर्यंत ठेवा, मग पुसून टाका. त्यात लोकांची घरं दिसतात.

तातडीचं एसओएस बटण द्यावं का?

द्या, पण त्यावर विसंबू नका. रेंज नसताना ते दाबलं तर 'संदेश गेलेला नाही' असं मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे. फिरतं चक्र दाखवत बसणं धोक्याचं, जखमी माणसाला वाटतं मदत निघाली. बटणासोबत सध्याचं स्थान, मागचा आणि पुढचा कंट्रोल किती अंतरावर, आणि ११२ व १०८ हे क्रमांक दाखवा. रोडबुकाच्या मागे लाल एसओएस आणि हिरवा ओके असे कागदी फलक असतील तर ते तसेच राहू द्या. मागून येणाऱ्या गाडीला तो कागदच दिसतो.

स्टोअरवर टाकायला काय लागतं? प्रवेश फीचं काय?

गुगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला वर्षाला ९९ डॉलर. गुगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी करावी लागते. रॅलीच्या दोन महिने आधीच खातं उघडा. क्लब नोंदणीकृत असेल तर संस्थेच्या नावानं खातं काढणं चांगलं, प्रोग्रामर क्लब सोडून गेला तरी ॲप राहतं. त्यासाठी डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा) लागतो, तो मिळायलाही वेळ जातो. आयफोनसाठी टेस्टफ्लाइट (ॲपलची चाचणी-ॲप वाटायची सोय) सोयीचं, पण तिथली आवृत्ती ९० दिवसांनी चालेनाशी होते. रॅलीच्या तारखेशी हिशोब घाला.

रॅलीची प्रवेश फी ही प्रत्यक्ष कार्यक्रमाची फी आहे, ती यूपीआयनं घेता येते. स्टोअरचं कमिशन तिला लागत नाही.

फोन तापून बंद पडतो, त्यावर उपाय?

एप्रिल-मे मध्ये काचेला चिकटवलेला फोन तापणारच. आयफोनसाठी ॲपलनं सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची आहे. फोन एसीच्या झोतासमोर बसवा, उजेड ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि नकाशा सतत रंगवत ठेवू नका. आकड्यांचा पडदा बराच कमी तापतो. बाइक रॅलीत हँडलला लावलेल्या फोनच्या कॅमेऱ्याला इंजिनाच्या थरथरीनं इजा होऊ शकते, ॲपलनं २०२१ मध्ये तशी सूचनाच दिली आहे. धक्के शोषणारा माउंट घ्या किंवा जुना फोन वापरा.

रॅलीआधी चाचणी कशी घ्यावी?

आधी टेबलावर. नोंदवलेला मार्ग ॲपला पुन्हा खायला घाला आणि आदर्श वेळ वहीत हातानं काढलेल्या वेळेशी जुळते का पाहा. मग रस्त्यावर: दहा-पंधरा किलोमीटरचा घाट असलेला मार्ग, एकाच गाडीत तीन वेगवेगळे फोन, त्यातला एक जुना आणि स्वस्त. मध्ये मुद्दाम फोन आला पाहिजे, एका फोनचा डेटा बंद केला पाहिजे, एक बंद-चालू केला पाहिजे. तिन्हींचं अंतर १० किमीला ३० मीटरच्या आत जुळलं तर पुढे जा. मार्शलच्या भागासाठी क्लबच्या रविवारच्या नाश्त्याच्या फेरीत दोन कंट्रोल लावा, एकावर रेंज नसेल असं ठिकाण निवडा, आणि संध्याकाळी ॲपच्या नोंदी कागदी कार्डांशी एकेक करून ताडा. जिथे फरक पडेल तिथे आधी क्रमांक चुकला की वेळ चुकली हे ठरवा, कारण क्रमांकाची चूक पडद्याच्या रचनेत दुरुस्त करायची असते आणि वेळेची घड्याळाच्या जुळणीत.